वाटाण्याएवढा चेहरा

गॉडेलीवला बाईचा चेहरा एकच काढता येतो, हे गावाला कळायला सात वर्षं लागली. मला आधीपासून माहीत होतं. तिनं रंगवलेली पानं शिवून पुस्तक बांधायचं काम माझं. पण मला विचारतंय कोण? मी पडले तोंडाळ. मी खरं बोलले तरी लोकांना वाटतं, भांडायलाच आली.

आमच्या ब्रूजमध्ये नवऱ्याचा धंदा बरा चालला की बायको प्रार्थनेचं पुस्तक करून घेते. त्यात पहिल्याच चित्रात ती स्वतः असते, मारियामातेपुढे गुडघे टेकलेली. आता चित्र काढायचं तर समोर येऊन बसावं की नाही? छे! मोलकरणीबरोबर झग्याची एक बाही पाठवायची, रंग जुळवायला. बाहीवरून चेहरा काढा म्हणे! गॉडेलीव कुरकुरायची नाही. शिंपल्यात रंग कालवायची आणि वाटाण्याएवढा चेहरा काढून मोकळी व्हायची. गोल हनुवटी, रुंद कपाळ, डावी भुवई जराशी वर. कुणाचीच तक्रार नव्हती. पन्नाशीत विशीची दिसायला मिळालं तर कोण कशाला तक्रार करेल?

कापडवाल्याच्या हाइलविगबाईंनी केली. एका मयताच्या प्रार्थनेला त्या केर्स्टीनेबाईंच्या शेजारी बसल्या. केर्स्टीनेबाई म्हणजे बिअरच्या भट्टीवाल्याची बायको, आणि दोघींचा छत्तीसचा आकडा. हाइलविगबाईंनी शेजारच्या पुस्तकात डोकावून पाहिलं तर तिथं त्याच, भट्टीवालीच्या झग्यात! मयत राहिलं बाजूला.

प्रकरण आमच्या कारागिरांच्या संघापुढे गेलं. आमचे मुखिया पासखिरकाका. त्यांनी गावातून अकरा पुस्तकं मागवली आणि टेबलावर उघडून मांडली. एकच मुलगी अकरा वेळा गुडघे टेकून बसली होती, झगा तेवढा दर वेळी नवा.

"कोण गं ही?" काकांनी विचारलं.

"माझी तान्नेकेन," गॉडेलीव म्हणाली.

तान्नेकेन तिची एकुलती एक. एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली. काका बराच वेळ आपली टोपी नीट करत बसले.

"गॉडेलीव, तुझं दुःख कळतं मला. पण लोक स्वतःचा चेहरा मागतात, तू लेकीचा देतेस. वर्षभर चेहरे बंद. वेली काढ, फुलं काढ, गोगलगायी काढ."

"काका, घरी काढू का? विकणार नाही."

"घरातलं बाजारात यायला वेळ लागत नाही. घरीही नाही. शपथ घे."

"तिचं दुसरं चित्र नाही हो माझ्याकडे. हात फिरतो म्हणून ती आठवते. हात थांबला तर जाईल."

"आई लेकीचा चेहरा विसरते होय? काहीतरीच तुझं!" काका म्हणाले. तिनं शपथ घेतली.

त्या अकरा जणींनी दुसऱ्या चित्रकाराकडून चेहरा बदलून घ्यावा, असंही ठरलं. गेल्या फक्त हाइलविगबाई. बाकीच्या दहा जणींचं म्हणणं एकच: माझं चित्र अगदी माझ्यासारखं आहे, बदलायचं तर तिचं बदला. पुस्तकं परत कुलपात गेली.

गॉडेलीव गोगलगायी काढत राहिली. मी म्हटलं, "अगं बये, एखादा काढ की गुपचूप. कोण बघतंय?"

"जिच्यापुढे तिला बसवत आले, ती मारियामाता बघतेय ना."

मी पुन्हा सुईत दोरा ओवला.

वर्ष सरलं. दुसऱ्याच आठवड्यात हाइलविगबाई पुस्तक घेऊन दारात. त्या दुसऱ्या चित्रकारानं त्यांना समोर बसवून काढलं होतं. दोन हनुवट्या, मस आणि मिटलेले ओठ. काय सुरेख काम! मसावरचा केससुद्धा होता.

"हे खरवडून टाका," बाई म्हणाल्या, "आणि माझा पहिला चेहरा परत काढून द्या."

"पहिला माझ्या लेकीचा होता, बाई."

"असू दे. मला तो शोभत होता."

गॉडेलीवनं सुरीनं मस खरवडला, हनुवट्या खरवडल्या. रंग कालवला, कुंचला उचलला आणि पानापाशी नेऊन थांबवला. मी शेजारी पानं शिवत होते. माझ्याकडे वळून म्हणाली, "भुवई कुठली वर होती गं?"

"डावी."

तिनं भुवई काढली. खाली गाल आला, तो कुणाचाही असता. पुसला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. चौथ्यांदा पुसला आणि कुंचला खाली ठेवला. मला पासखिरकाकांचा असा संताप आला, की समोर असते तर टोपीच ओढली असती त्यांची.

"ऊठ," मी म्हटलं. "चल."

केर्स्टीनेबाईंनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. बाईंचे पुढचे दोन दात नाहीत आणि कपाळ म्हणाल तर दोन बोटं. आतून मखमलीत गुंडाळलेलं पुस्तक आणलं, पहिलं चित्र उघडलं आणि आपल्याच हातात धरून ठेवलं. आमची बोटं लागायला नकोत!

गॉडेलीव पुढे वाकली. किती वेळ बघत होती कोण जाणे. चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी मान वर केली नाही.

केर्स्टीनेबाई लाजल्या. "किती बघता! हुबेहूब मीच ना?"

"हुबेहूब," गॉडेलीव म्हणाली. "जरा उजेडाकडे धरता का, बाई?"