नांदीश्राद्धाआधी आलेला निरोप

संस्थान विलीन झाले आणि माझी अर्ज लिहिण्याची बैठक दरबारातून मामलेदार कचेरीच्या ओट्यावर आली. तथापि जव्हारात माझ्या मसुद्याचा मान तसूभरही कमी झाला नाही, हे नमूद करणे अवश्य आहे. पुढे काही वर्षांनी मी मुलाची मुंज काढली. येणारे वर्ष सिंहस्थाचे, म्हणजे मुंजी बंद. मुलाचे वय उलटून चाललेले. तो मुहूर्त हुकवणे शक्यच नव्हते.

पुण्याहवाचन चालू असता मोखाड्याच्या माझ्या चुलत्यांचा शेजारी मांडवाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मला लहानाचे मोठे करणारे चुलते अंथरुणाला खिळलेले होते. पहाटेपासून चालत आलेल्या त्या शेतकऱ्याचा चेहरा पाहून सर्वांनी एकच अर्थ काढला. मृत्यूची वार्ता कानी पडली की सुतक लागते, मुंज थांबते. मात्र पुण्याहवाचनामागून येणारे नांदीश्राद्ध, म्हणजे कार्याआधीचे पितरांचे पूजन, उरकल्यावर त्याची बाधा होत नाही. न बजावलेल्या समन्साप्रमाणे, न ऐकलेली वार्ताही लागू होत नाही.

माझा मेहुणा धावला. "एक अक्षर बोलू नकोस!"

"आरं, आयक तं..."

"आधी गूळपाणी घे."

"पानी नको. भाऊला सांगाचाय." त्याने माझ्याकडे बोट केले.

"लाडू कोंबा त्याच्या तोंडात!" आत्याने आतून फर्मावले.

दोघांनी त्याला दंड धरून परसात नेले. मी पळी खाली ठेवून गुरुजींकडे वळलो.

"गुरुजी, जरा आटोपते घ्या."

"मंत्र म्हणजे तुमच्या अर्जातला मजकूर आहे का, गाळायला?" गुरुजी म्हणाले, पण त्यांचाही आवाज चढला, घाई झाली.

नांदीश्राद्ध संपताच मी त्याला बोलावले.

"काका जिता हाय," तो रागाने म्हणाला. "तुला बोलावतो. रात नाय काढाचा. तुमी माझा तोंडच धरला!"

मुहूर्ताला अजून तासभर अवकाश होता. थांबलो तर चुलते भेटतील याची शाश्वती नव्हती.

"गायत्रीचा उपदेश मी करीन," गुरुजी हलकेच म्हणाले. "तुम्ही निघा."

मातृभोजनाचे पान मांडले जात होते. बटू माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्या मस्तकावर हात ठेवला, सोवळे सोडले आणि शेजाऱ्याबरोबर वाटेला लागलो.

मोखाड्यास पोहोचलो तेव्हा चुलते शुद्धीवर होते.

"उपदेश कोणी केला?"

"गुरुजींनी."

"तो तुझा अधिकार होता," ते नाराजीने म्हणाले आणि भिंतीकडे तोंड वळवले. माझा हात मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. ते गेल्यावर तो इतरांना सोडवावा लागला.