भैताड म्हणजे नक्की काय?

कोर्टात साक्ष द्यायला मला मुळीच आवडत नाही. मी मानसशास्त्रज्ञ, माणसांशी निवांत बोलणं हा माझा धंदा, आणि तिथे वकील दटावतात, "फक्त हो किंवा नाही सांगा." माझं डोकं तिथेच फिरतं. पण यवतमाळच्या कोर्टातली ती एक साक्ष आठवली, की आजही मी एकटीच हसत बसते.

बोरी अरबकडचा एक नवरा बायकोपासून फारकत मागत होता. कारण काय, तर म्हणे बायको वेडी. खरं म्हणजे त्याला दुसरं घर मांडायचं होतं, आणि ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कोर्टानं बाईला तपासणीसाठी माझ्याकडे पाठवलं. आली तीच बोलत आली. तपासणी मी करत होते, पण हसवत ती मला होती. निघताना मात्र एकदम गंभीर झाली.

"मॅडम, तो ठेवो नाहीतर सोडो. पण मले येडी नका ठरू देऊ. येडीपाशी पोरगी कोन राहू देईन?"

पोरगी नुकती शाळेत जायला लागली होती. तपासणीत आजाराचा मागमूसही नव्हता, आणि तसाच अहवाल मी दिला.

साक्षीच्या दिवशी नवऱ्याचा वकील बाह्या सरसावूनच उभा राहिला. "गावातले सगळे साक्षीदार सांगतात, ही बाई भैताड आहे. हा कोणता मानसिक आजार?"

न्यायाधीश कोकणातून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी विचारलं, "भैताड म्हणजे नक्की काय?"

"वेडी, साहेब," वकील चटकन म्हणाला. टायपिस्टची बोटं चालायला लागली. अरे वा रे वा! मी याच जिल्ह्यातल्या पुसदची, माझ्यासमोर हे चालणार होतं होय?

"साहेब, ते लिहू नका," मी म्हणाले. "भैताडपणा हा आजार असेल तर आधी मलाच भरती करा. माझी आई मला रोज सकाळी भैताड म्हणते."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. साहेबांनी शांत राहायला सांगितलं आणि मला समजावून सांगायला लावलं. मी सांगितलं, "गप्पांच्या नादात भाजी करपवते ती भैताड. मनात आलं ते बोलून मोकळी होते ती भैताड. आपण चिडून म्हणतो, पण घरच्याच माणसाला म्हणतो. आजारी माणसाला कोणी भैताड म्हणत नाही."

वकील तडकला. "ही बाई बकऱ्यांशी बोलते!"

"काय बोलते?" साक्षीदारानं उलट विचारायचं नसतं, पण माझ्या तोंडून गेलंच.

"जेवल्या का, असं विचारते."

"बकऱ्या उत्तर देतात असं म्हणाली असती, तर मी काळजी केली असती."

साहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. हसू लपवत होते, दुसरं काय! मग त्यांनी नवऱ्यालाच विचारलं, "तुमची बायको वेडी आहे का?"

तो गडबडला. "नाही जी, येडी नाही. भैताड हाये. येडी असती तं मी गावोगाव फिरत असताना घर कोनं चालवलं असतं?"

त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. पुढे निकाल लागला आणि नवऱ्याचा अर्ज फेटाळला गेला. मला इतका आनंद झाला, की पायऱ्यांवर मी तिला मिठीच मारली. म्हटलं, "बाप्पा, जिंकलीस! आता तुला त्या घरातून कोणी काढू शकत नाही."

"त्या घरात कोन राह्यते, मॅडम?" ती म्हणाली आणि तिनं पोरीला कडेवर घेतलं. "मीच फारकत मागतो आता. आन पोरगी माह्यापाशी. अर्जावर येडीच्या सहीले कोनं विचारलं असतं?"