पांढऱ्या डोंगरापर्यंत पायी

आमच्या घराला बाहेरून जिना आहे, बावीस पायऱ्यांचा. माझ्या प्रवासाची पहिली चढण तीच. डावा गुडघा वाकत नाही, म्हणून मी कठडा धरून तिरकी चढते: एक पाय वर, दुसरा त्याच्याशेजारी, मग दम. त्या सोमवारी दुपारी वर गेले ती सुषमाला थालीपीठ द्यायला. कुठे जायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं.

सुषमा आमची भाडेकरू. परभणीची, पस्तिशीची, हिंजवडीच्या कंपनीत नोकरी. आठवड्यातले बरेच दिवस खोलीतूनच काम करते. जेवणाच्या सुट्टीत ती टीव्हीवर गेम खेळते हे मला माहीत होतं. मला वाटायचं, असेल काहीतरी गोळ्या झाडायचं. त्या दिवशी पडद्यावर गोळ्याबिळ्या काही नव्हत्या. इरलं (पावसात डोक्यावर घ्यायचं पानांचं आच्छादन) घेतल्यासारखी एक बाई पाठमोरी उभी होती. तिने पाणचक्कीचं दार ढकललं आणि समोर मुलूख उघडला. खाली नदी, पलीकडे रान, त्याच्या पलीकडे निळे डोंगर, आणि सगळ्यांच्या मागे एक पांढराशुभ्र डोंगर, इतका उंच की त्याच्या कमरेला ढग.

मी ताटली हातात तशीच धरून उभी राहिले.

(लिहिताना मी शाळेतलं मराठी लिहिते, बोलताना आमचं मारुंजीचंच. शाळा दहावीपर्यंत झाली, पण ग्रंथालयातली प्रवासवर्णनं बहुतेक सगळी वाचून संपवलीत.)

"देखावा झ्याक काढलाय," मी म्हटलं.

"देखावा नाही काकू. तो मागचा पांढरा डोंगर दिसतो ना? तिथं जाता येतं."

"म्हंजी?"

"म्हणजे चालत. जे दिसतं तिथं सगळीकडं जाता येतं यात."

आता हे मला का लागलं ते सांगते. माझं माहेर नांदे, सासर मारुंजी. रस्ता मोकळा असला तर अर्ध्या तासाचं अंतर. तीस वर्षं दारात म्हशी होत्या आणि म्हशीला रविवार नसतो. कुठेही जा, संध्याकाळच्या धारेला घरी हजर. भावकीतल्या बायका यात्रा कंपनीच्या बसने कुठे कुठे जाऊन आल्या, बर्फात उभं राहून फोटो काढून आल्या. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना चहा केला. मग म्हशी विकल्या, खाचरांवर (भाताच्या शेतांवर) खोल्या उभ्या राहिल्या. जायला मोकळी झाले, तर गुडघ्यांनी दगा दिला. एकदा तरी लांब कुठेतरी स्वतःच्या पायांनी जाऊन यावं, एवढीच इच्छा होती. तीही मी गुंडाळून ठेवली होती.

"मला शिकव," मी म्हटलं.

सुषमाचा चेहरा जरा पडला. "काकू, मी आज सांगणारच होते. माझी बंगळूरला बदली झाली. रविवारी दहाला टेम्पो येणार. हे मशीनही जाणार. आणि त्या डोंगरावर जायला मला महिना लागला होता." मग म्हणाली, "माझा जुना खेळ वरच थांबलाय. उघडून दाखवते की! एका मिनिटाचं काम."

"नगं. तुज्या पायानं मी कशाला जाऊ? मला पहिल्यापासनं लावून दे."

रविवार दहा. ठरलं.

सोमवारची उरलेली दुपार चालायला शिकण्यातच गेली. हातातल्या त्या कंट्रोलरवर डावा अंगठा म्हणजे पाय आणि उजवा अंगठा म्हणजे मान. माझे पाय एकीकडे आणि मान दुसरीकडे. आभाळाकडे बघत मी दोनदा पाणचक्कीच्या भिंतीवर आपटले आणि एकदा ओढ्यात पडले. पाच वाजता आमचे हे अंगणातून ओरडले, "अगं, वर काय म्हस व्यालीय का? च्या कुटं हाय?"

"तुमीच ठेवा आज. मी नदीत हाय!"

मंगळवारी नदीकाठच्या गावात पोचले. गावाभोवती गहू, ओंब्यांनी वाकलेला, वारा आला की सगळं शेत एका बाजूला कलायचं. तिथेच मी पाच मिनिटं नुसती थांबले. सुषमा खिडकीपाशी टेबलावर तिचं काम करत होती. कानावरचा हेडफोन एका बाजूने काढून म्हणाली, "काकू, सरळ मधून जा ना. बांधाबांधाने काय चाललात? किती लांब पडेल."

"उभं पीक हाय."

"खोटं आहे हो ते!"

"असू दे. कुणीतरी लावलंच आसंल की."

"कंपनीतल्या माणसांनी."

"मग त्यांचं नुकसान का करायचं?"

तिने हसून हेडफोन पुन्हा कानावर चढवला. गावातल्या घरांची दारं उघडी, टेबलावर पाव, सफरचंदं. सुषमा म्हणे, उचला, इथे कोणी विचारत नाही. मला नाही ते जमलं. मालक समोर बसलाय आणि त्याच्या घरातलं उचलायचं? त्यापायी त्या दिवशी पडद्यावरची माझी बाई उपाशीच चालली. रानात अळंब्या गोळा करून तव्यावर भाजल्या. पांढऱ्या चांगल्या निघाल्या, लाल खाल्ल्या आणि मेले. मेलं की मागच्या शेकोटीपासून पुन्हा चालायचं, एवढीच शिक्षा. राक्षस मारायचा आहे म्हणे या गेममध्ये. म्हटलं, मारील कोणीतरी. मला डोंगर गाठायचाय.

बुधवारी धुकं होतं. नदीचा उतार (पायी ओलांडायची उथळ जागा) शोधत होते, तेवढ्यात जमीन हादरायला लागली. हातातला कंट्रोलरही थरथरला. धुक्यातून काहीतरी आलं. आधी वाटलं, टेकडीच सरकतेय. जनावर होतं ते! पाठीवर शेवाळ, त्यात छोटी झाडं उगवलेली, पाय वडाच्या बुंध्याएवढे. त्याच्यामागे दुसरं, तिसरं.

"पळा काकू! चिरडतील!"

"बस गं. पाण्याला आलीत ती. पाण्याला आलेलं जनावर कुणाला काय करत न्हाई. आडवं मातर जायचं न्हाई."

मी एका खडकाशेजारी खाली बसले. जनावरं पाण्यात उतरली. एक मोठी मादी कडेला उभी राहिली, आणि तिच्या पोटाखालून एक पिल्लू बाहेर आलं, ते पिल्लूही आमच्या गोठ्याएवढं. ते पाणी प्यायलं, घसरलं, आईने त्याला मानेने वर सारलं. त्यांच्या पाठीवरच्या झाडांतून पाखरं उडाली. बाई गं, किती मोठं आणि किती शांत!

सुषमा काम टाकून माझ्यामागे येऊन उभी होती. "दोन वर्षं खेळतेय मी," ती हळूच म्हणाली, "दर वेळी पळाले नाहीतर बाण मारले. यांना पिल्लू आहे हे मला माहीतच नव्हतं."

गुरुवारी दोरीच्या पुलापाशी पोचले. तिथे एक म्हातारी चुलीवर सूप विकत बसलेली. तिची भाषा इंग्रजी, पडद्यावर खाली उमटणारी. सुषमा वाचून सांगायची.

"ती म्हणते, पुढे बर्फाचं वादळ आहे. एकटी बाई, परत जा."

"तिला सांग, मी मारुंजीची हाय."

"तसं सांगता नाही येत. तीनच उत्तरं आहेत. जाते, जात नाही, आणि राक्षस कुठे आहे?"

"जाते दे."

म्हातारीने वाडगाभर गरम सूप दिलं, वर मिरचीची पूड. ते प्यायलं की थंडी बाधत नाही, असं सुषमाने समजावलं. मी चार वाडगे बरोबर घेतले.

शुक्रवारी खरी चढण लागली. सकाळीच वर जाऊन बसले, स्वयंपाक आदल्या रात्रीच्या भाकरीवर भागवला. कडे, घसरण, बर्फ. शेकोट्या लागत होत्या, पण एकीपाशीही मी बसले नाही. चढताना मधेच बसलं की गुडघा धरतो, मग उठवत नाही, हे माझ्या हाडांत भिनलेलं. दुपारपर्यंत मी खिंडीच्या तोंडाशी होते. वर शिखर दिसत होतं, आणि त्यावरून बर्फाचा भुगा उडत होता.

आणि लाईट गेली.

इन्व्हर्टर आमचा पंख्याबल्बापुरता. तासाभराने लाईट आली तेव्हा माझी बाई पुलापाशी उभी, त्या सूपवाल्या म्हातारीसमोर!

"काकू, शेकोटीपाशी बसला नव्हतात का? बसलं तरच तेवढा प्रवास जपून राहतो. सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं तिने. पण तिचा गुडघा धरत नाही ना! माझ्या डोळ्यांना पाणी आलं. खाली गेले तर हे म्हणाले, "बरं झालं. म्हातारपनी काय याड लागलंय? टीव्हीतला डोंगुर त्यो."

"टीव्हीतला असू नाहीतर कुटला असू. मी निम्म्यातनं माघारी यायची न्हाई," मी म्हटलं. इतक्या जोरात की शेजारीण डोकावली.

शनिवारी सुषमा कंपनीतल्या सोबत्यांकडे निरोपाच्या जेवणाला गेली आणि किल्ली मला देऊन गेली. मी पुन्हा पुलापासून निघाले. वाट आता ओळखीची होती. प्रत्येक शेकोटीपाशी बसले, अगदी न चुकता. वादळात तीनदा गारठून मेले, दोनदा कड्यावरून कोसळले. अंगठ्याला फोड आला, त्यावर चिंधी बांधली. संध्याकाळी सुषमा आली तेव्हा मी खिंडीतल्या शेवटच्या शेकोटीपाशी होते आणि सूपाचा एकच वाडगा उरला होता.

रविवारी टेम्पो नऊलाच आला. टेम्पोवाला नांद्याचा, माझ्या माहेरचा, म्हणून त्याच्यावर जरा आवाज चढवता आला. "आधी कपाट न्ये, गादी न्ये, भांडी न्ये. टीव्हीला शेवटी हात लाव."

खोली रिकामी होत गेली. मी एका बांधलेल्या गाठोड्यावर बसले होते, टीव्ही फरशीवर. सूप प्यायले आणि निघाले. वाऱ्याने समोरचं काही दिसत नव्हतं. कपाट गेलं, गादी गेली. सगळं खाली गेल्यावर टेम्पोवाला माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"मावशे, उजवीकडनं घ्या. तितं खोबणी हायेत."

"गप. मला कळतंय."

उजवीकडे खरंच खोबणी होत्या. तिथूनच चढले. अजून कोणीतरी मागे आल्यासारखं वाटलं, पण मान वळवायला सवड नव्हती. हात सुटला, पुन्हा धरला. सूपाची ऊब संपली आणि पडद्याच्या कडा पांढऱ्या व्हायला लागल्या. गारठून मरायची खूणच ती.

"काकू, माघारी फिरा, शेकोटीपाशी या!" सुषमा ओरडली.

"न्हाई."

शेवटचा कडा दोन्ही अंगठे दाबून चढले आणि एकदम वारा थांबला. आवाजच बंद. ढग खाली राहिले होते. पायाखाली कोवळं ऊन पडलेला बर्फ होता आणि त्याच्यावर एकही पाऊल नव्हतं. डोक्यावरचं आभाळ इतकं गर्द निळं, की मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. पलीकडे आणखी मुलूख होता. आणखी डोंगर, मग समुद्र, आणि तिथेही जाता येत असणार!

मग उजव्या अंगठ्याने मान वळवली आणि मागे बघितलं. खाली ढगांच्या फटीतून सगळं दिसत होतं. काडीएवढा पूल. नदीचं वळण. गव्हाचा पिवळा तुकडा. आणि पार कडेला, मुंगीएवढी, ती पाणचक्की.

"तितनं आलीस तू?" मागून ह्यांचा आवाज आला. हे कधी वर आले, मला कळलंच नव्हतं.

"व्हय."

"चालत?"

"चालत."

हे टोपी काढून फरशीवरच बसले आणि बघत राहिले. मी रडले. कोणाला लाजून लपवलंही नाही. सुषमाने माझ्या हातातला कंट्रोलर जरासा घेतला, एक बटण दाबलं आणि म्हणाली, "शिखरावरचा फोटो काढलाय काकू. फोनवर पाठवते." टेम्पोवाला घड्याळ बघायचा विसरला होता. साडेदहा झाले होते.

टेम्पो गेला. खोलीत केर काढून, दाराला कुलूप घालून मी खाली आले. गुडघा दुखतच होता, त्यात काही फरक पडला नव्हता. लोक म्हणतील, गेली कुठे ही? सहा दिवस खोलीत तर बसून होती. मीही दोन दिवस स्वतःला हेच विचारत होते. पण वाट मी शोधली, घसरले मी, माघारी येऊन पुन्हा चढले मी. तो निळा रंग बघून तोंड उघडं राहिलं ते माझंच, दुसऱ्या कोणाचं नाही. याला जाणं म्हणत नसतील तर कशाला म्हणतात, ते मला कोणीतरी सांगावं.

मंगळवारी चौकातल्या फोटोच्या दुकानात गेले. म्हटलं, हा मोठा करून दे, फ्रेम करून. दुकानदाराने फोन हातात घेऊन फोटो लहानमोठा करून बघितला.

"काकी, पाठमोरा हाय यो. तोंड दिसत न्हाई. कोन हाय ह्यो?"

"मी हाय."

त्याने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याकडेही बघितलं. मग हसणार होता तो, पण माझा चेहरा बघून हसला नाही.

"कुटं गेल्ता?" त्याने विचारलं.

आजवर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी दुकानातली खुर्ची ओढली, पाय लांब करून बसले.

"सांगते," मी म्हटलं. "आधी दोन च्या सांग. येळ लागंल."