शनिवारी दहाची फेरी

“मोजून घेऊ,” म्हणत ते बोट वर करायचे आणि माझ्यावर रोखायचे. “एक.” मग माझ्या खांद्यावरून मागे पार्किंगकडे बघायचे. तिथे फक्त माझी गाडी असायची. तरी थोडं थांबायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, “चला, आज ग्रुप लहान आहे.”

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. पंगत उठून गेली तरी वाढायला उभी असलेली.

अमेरिकेतल्या आमच्या तळ्याकाठच्या गावाबाहेर एक पायवाट आहे. या देशाची इंग्रजांशी जी दुसरी लढाई झाली, त्यातली एक चकमक तिथे झाली. वाटेवर खांब, खांबांवर पाट्या आणि वाटेच्या शेवटी एका खोलीत काचेखाली मांडलेल्या वस्तू: गंजलेली किटली, बटणं, एका बुटाचा तळ. हे गृहस्थ मूळचे नागपूरचे. जन्मभर इथे लोकांचे दात उपटले आणि रिटायर झाल्यावर दर शनिवारी दहाला ही वाट फुकट दाखवायला लागले.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा साठीची तरुणी होते. आमचे हे गेल्याला वर्ष झालं होतं आणि मुलाने “आई, घरात बसून राहू नकोस” म्हणून बाहेर हाकललं होतं. अंगावर रेशमी साडी, पायात पांढरेशुभ्र बूट आणि डोक्यात पुणं. इतिहास काय तो आमच्या पेठेत घडला, बाकी जगाने नक्कल केली, ही माझी पक्की समजूत. पहिल्याच खांबाशी मी नाक वर करून म्हटलं, “दोनशे वर्षं? एवढी जुनी तर आमची लोणच्याची बरणी असेल!”

ते हसले नाहीत. “वहिनी, बरणी जुनी असो का नवी, पोरं मेली नं इथं.”

बरणीवाली बाई उरलेली वाट प्रत्येक पाटी वाचत चालली.

लागोपाठ दोन शनिवार कोणी आलं नाही तर फेरी बंद, असा तिथल्या ऑफिसचा नियम. तो त्यांनीच मला हसत हसत सांगितला, पण डोळे पार्किंगवरच होते. बायको गेलेली, मुलगा दूर दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला. आठवड्यात मोठ्याने बोलायची त्यांची तेवढीच वेळ. माझी तरी दुसरी कुठली होती? मी दर शनिवारी टूरिस्ट व्हायचं ठरवलं.

“व्हेअर आर यू फ्रॉम, मॅडम?” ते गंभीरपणे विचारायचे.

“मॉरिसव्हिल.” पुढच्या शनिवारी स्टेट कॉलेज, त्या नावाचं गावच आहे. एकदा म्हटलं, “सासवड.”

“लाँग ड्राइव्ह झाली असेल,” ते म्हणाले. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

इंग्रजीत ते पाटी वाचल्यासारखं बोलायचे. एका थंडीत मात्र आम्ही दोघंच असताना ते मध्येच मराठीत घसरले. आणि काय सांगू, पाटीवरचे ‘सैनिक’ एकदम ‘पोट्टे’ झाले!

“पायात धड बूट नाही, वहिनी, आणि पोट्टा बर्फात चालून राह्यला. हे बटण त्याच्या मायनं लावलं असंल.” मग त्यांनी काचेखालची शिशाची गोळी दाखवली. तिच्यावर दातांच्या खुणा होत्या. “चावून चावून दुखणं गिळलं यानं. अक्कलदाढ नव्हती आली अजून.”

गोळीवरून हे कसं कळतं, असं जिभेवर आलं होतं. नाही विचारलं. ते चष्मा पुसत होते.

“बायको गेली तेव्हा रडू आलं नाही मला,” ते म्हणाले. “या पोट्ट्यांवर निघून राह्यलं.”

त्यानंतर मी एकही शनिवार चुकवला नाही.

मग त्यांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना शॉमबर्गला घेऊन गेला. ऑफिसने फेरी बंद केली. आता खांबासमोर फोन धरला की एक गुळगुळीत इंग्रजी आवाज माहिती सांगतो. हे मी त्यांना कळू दिलं नाही. शनिवारी दुपारी त्यांचा फोन यायचा.

“आलं का कोणी?”

“सहा जण! एक नवी मुलगी दाखवते आता.”

“लहान पोरं होती का?”

“दोन. एकाने तर गोळी हातात मागितली.”

“देऊ नका म्हणावं!” आणि खुशीत खोकायचे.

थापा मारण्यात माझा हात लहानपणापासून बसलेला. पण एकदा आठ म्हटलं तर त्यांनी “खरंच?” विचारलं, म्हणून मी पुन्हा सहाच्या वर कधी गेले नाही.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलाचा फोन आला. “मावशी, बाबा गेले.”

परवाच्या शनिवारी मी पाय मोकळे करायला त्या वाटेवर गेले होते. एक व्हॅन येऊन थांबली. आईबाप, आजोबा, मागून धडपडत उतरलेली मुलं. बाई माझ्याकडे आली. “इथे दहाला कोणी वाट दाखवतं ना? आम्ही त्यासाठीच लवकर निघालो.”

“बंद झाली ती,” मी म्हटलं.

“अरेरे,” ती म्हणाली. मुलांनी खांबासमोर फोन धरला, आवाज सुरू झाला आणि सगळे झाडीत दिसेनासे झाले.

घरी आले, चहा केला, फोन जवळ घेऊन बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याकडे खरं सांगण्यासारखं काही होतं.