सातव्या गाडग्याभोवतीची ओली राख

जानेवारी १९५७, दुसरा रविवार, सकाळ. हजर – मी, म्हणजे माजरीच्या पलीकडच्या एका खाणीच्या दवाखान्यातली नर्स. सुखदेव, खाणीत खाली कोळसा भरणारा. गंगाराम, त्याच पाळीतला, तेच काम करणारा. वर्कशॉपचे मोठे मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत. आणि घुग्गुस-बल्लारपूरकडून आपापल्या फळ्या घेऊन आलेले अकरा जण. त्यांची नावंही माझ्याकडे आहेत, पण इथे लागणार नाहीत.

यातल्या किंवा बाहेरच्या कुणालाही मी हे सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. आज लिहायला बसले, एवढं खरं.

आधी फळ्यांचं सांगते. वर्कशॉपमधून बाद झालेली बेरिंगं निघत. हाताएवढ्या रुंद सागवानी फळीला खाली चार बेरिंगं बसवायची, वर उभं राहायचं आणि उतारावरून सुटायचं. उतारही आयताच मिळाला होता. कोळसा उतरवायला खाणीने सिमेंटचा लांब उतार बांधला, पण खालचे रूळ दोन हिवाळे आलेच नाहीत. जंगलात तो पांढरा उतार नुसताच पडून होता. दोन्ही बाजूंना साग आणि मोह, खाली धुकं. शनिवारी संध्याकाळी माणसं यायची, चूल पेटायची, भात शिजायचा. रविवारी सकाळी शर्यत.

नुसतं खाली जायचं नसे. उतारावर ओळीने नऊ गाडगी मांडलेली असत, काठोकाठ पाण्याने भरलेली. त्यांच्यामधून नागमोडी यायचं. प्रत्येक गाडग्याभोवती कोरड्या राखेचं रिंगण. गाडग्याला नुसता धक्का लागला तरी पाणी हिंदकळणार आणि राख काळी पडणार. राख ओली म्हणजे दोन सेकंद दंड. त्यात वाद नाही, राख कुणाच्या बाजूची नसते.

सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ त्या वस्तीत एकच होतं – नाडी मोजायचं, माझ्या पदराला टाचलेलं. म्हणून वेळ मी घ्यायची. मग यादी माझी, आणि गाडगी भरणंही माझंच, कारण शर्यतीतल्या कुणाचा हात पाण्याला लागायला नको. गंगाराम दर वेळी म्हणायचा, ‘‘बाई, नाडी पाहून राह्यल्या का घड्याळ? आमी जिते हाओ ना अजून?’’ सगळे हसत. मी हसत नसे. मी तेव्हा पंचवीसची होते आणि माझ्या यादीत खाडाखोड नसायची. औषधांच्या वहीत नाही, बाळंतिणींच्या वहीत नाही. डॉक्टर नव्या माणसांना माझी वही दाखवायचे. हे मी अभिमानाने सांगत नाही आता. पुढे जे झालं ते यातूनच झालं, म्हणून सांगते.

त्या रविवारी एक गोष्ट वेगळी होती. उस्तादांना वर्कशॉपमध्ये एक माणूस हवा होता. त्यांनी जाहीर केलं, आपल्या खाणीतल्यांपैकी जो पुढे येईल तो सोमवारपासून वर. ज्याला फळी बनवता येते आणि चालवताही येते, त्याच्या हाताला लोखंड कळतं, असा त्यांचा हिशेब. वर म्हणजे उजेडात. वर म्हणजे धुळीबाहेर.

आणि सुखदेवला धुळीबाहेर काढणं किती गरजेचं आहे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? दर पंधरवड्याला तो खोकल्याच्या औषधाला यायचा. त्याच्या छातीचा आवाज मी ऐकलेला होता. मीच त्याला म्हटलं होतं, ‘‘सुखदेवभाऊ, औषधाने होणार नाही हे. वरचं काम बघा.’’ त्यानंतर चार महिने तो ती फळी बनवत होता. बाकीचे टाच घासून वळायचे. याने लॉरीच्या जुन्या टायरचे तुकडे कापून फळी आणि चाकांच्या मध्ये बसवले. अंग जिकडे कललं, फळी तिकडे वळायची. पाय खाली टेकवावाच लागत नसे.

गंगाराम आधी उतरला. चोवीस सेकंद, नऊही रिंगणं कोरडी.

मग मी वरून खाली येत, प्रत्येक फेरीआधी करायची तशी, गाडगी पुन्हा काठोकाठ भरायला घेतली. पहिलं, दुसरं, तिसरं. धुकं विरत होतं आणि वर सुखदेव फळी छातीशी धरून उभा होता. त्याच्या मागून ऊन येत होतं. तो कुणाकडेच बघत नव्हता – ओठ हलवत मनातल्या मनात वळणं मोजत होता. सातव्या गाडग्यापाशी लोटा हातात धरून मी तेच बघत राहिले. किती वेळ? दोन श्वास असतील. खाली पाहिलं तेव्हा पाणी काठावरून उतरलं होतं. रिंगणाचा डावा कोपरा काळा.

चूक लहान होती. राखेचं टोपलं खालच्या रेषेपाशी होतं. आठवं आणि नववं भरते, टोपलं आणते, कोरडी राख घालते – असं ठरवलं. आठवं भरलं. नववं भरलं. रेषेपाशी आले, घड्याळ काढलं आणि सवयीने हात वर केला. हात वर म्हणजे तयार. वर सुटायच्या खुणेचा पंचा पडला.

तो आला. मी पुष्कळ गोष्टी विसरले आहे, पण तो कसा आला ते नाही. बेरिंगांचा तो एकसारखा गुंजारव, जणू सगळं जंगल एक सूर धरून बसलंय. तो डावीकडे झुकायचा, उजवीकडे झुकायचा, हात पसरलेले, आणि गाडग्यांतलं पाणी हलतही नव्हतं. खाली वाकून कोळसा भरणारा माणूस तो, पाठीला बाक आलेला. त्या तेवीस सेकंदांत तो बाक कुठे होता? सातव्या गाडग्यापासून तो चांगला वीतभर लांबून गेला. वीतभर. मी बघत होते.

तेवीस सेकंद.

लोक आरडतच उतारावर धावले. उस्ताद एकेक रिंगण बघत आले आणि सातव्यापाशी थांबले.

‘‘बाई, हे ओलं हाय. लागलं का?’’

नियम होता – नोंद ठेवणाऱ्याकडून चूक झाली तर फेरी पुन्हा. कुणी काही म्हटलं नसतं. एक वाक्य पुरलं असतं – पाणी माझ्या हातून सांडलं. चौदा माणसं माझ्याकडे बघत होती, चूक न करणाऱ्या बाईकडे.

मी म्हटलं, ‘‘लागलं.’’

तेवीस आणि दोन, पंचवीस. मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

तो भांडला असता तर? त्याने शपथ घातली असती तर मी बोलले असते का? तो भांडला नाही. गाडग्यापाशी उकिडवा बसला, ओल्या राखेला बोट लावलं, बोट पाहिलं. ‘‘मले तं वाटलं नाई जी,’’ तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून – ‘‘पन तुमी पाह्यलं, तं लागलंच असन.’’

गंगाराम सोमवारी वर गेला. चांगला कारागीर निघाला. सुखदेव खाली गेला.

इथेच संपलं असतं तर मी कदाचित आजही गप्प राहिले असते. पण मंगळवारी तो दवाखान्यात आला. मला वाटलं, खोकला. त्याने डावा पाय पुढे केला.

‘‘बाई, याले काई झालं का पाहून देता का? गाडग्याले लागला अन् मले कळलंच नाई. आपल्याच पायाचं कळत नाई म्हन्जे काई तरी हायच ना.’’

मी तो पाय तपासला. हो, तपासला. घोट्याला हात लावला, तळव्याला सुई टोचून पाहिली. प्रत्येक टोचणीला तो ‘‘कळलं’’ म्हणत होता. मग बाटलीत मालिशचं तेल भरून दिलं आणि वहीत लिहिलं – सुखदेव, डावा पाय, अशक्तपणा. रविवारी घाबरून बोलले, असं कुणी म्हणू शकेल. मंगळवारी मी घाबरलेली नव्हते. दार लावलेलं होतं, आम्ही दोघंच होतो.

फळी त्याने देऊन टाकली. उतारावर पुन्हा कधी आला नाही. पुढे नऊ वर्षं खाली काढली आणि छाती भरल्यावर खाण सोडून गोंडपिपरीकडच्या आपल्या गावी गेला.

मागच्या वर्षी चांद्याच्या दवाखान्यात, जिथे मी आता असते, एक बाई तेलाची बाटली घेऊन माझ्या खिडकीशी आली. चिठ्ठीवर सुखदेवचं नाव आणि गाव होतं; ही त्याची मुलगी. मला ओळखत नव्हती. बाबा जिवंत आहेत म्हणाली. दम लागतो, अंगणाबाहेर जात नाहीत. काठी घेऊन चालतात. ‘‘छातीचं तं खाणीनं झालं. पन डाव्या पायाले त्याच्या पह्यलेपासूनच जोर नाई जी. बांधावर चढत नाई, सायकल शिकला नाई. भरोसा नाई म्हन्ते पायाचा.’’

मी बाटली भरून दिली. नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. दोन्ही ठाऊक होतं.

गोंडपिपरीची एसटी सकाळी सात वाजता सुटते. पुढे गावापर्यंत दीड कोस चालत. रविवारी मला सुट्टी असते, दर रविवारी. तुमच्या डाव्या पायात कधीच काही दोष नव्हता, एवढंच त्याला सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.