सिंधूचे सोमवार

सिंधू गेल्याचं मला तिच्या धाकट्या भावाने शाळेत येऊन सांगितलं. प्रार्थना आटोपली होती, मी मैदानावर मुलींच्या रांगा लावत होते आणि तो फाटकाशी सायकल धरून उभा होता. जवळ गेले तर म्हणाला, "सिंधूताई गेली. कावीळ झाली होती तिले." नरखेडकडच्या तिच्या सासरी सगळं उरकूनही तोवर दोन दिवस झाले होते. कावीळ तशी साधीच होती म्हणे, पण अंगात रक्तच नव्हतं, टिकाव लागला नाही. वय जेमतेम तीस. आता महिना होत आला. लोक विचारतात, कशाने गेली? मी कावीळ म्हणून मोकळी होते, कारण खरं सांगायला बसले तर समोरचा चहा अर्धा टाकून उठेल. बायकांच्या पाळीची गोष्ट चारचौघांत कोण ऐकून घेतो? इथे मात्र सांगणार आहे.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या त्या वर्षांत आम्ही दोघी एकाच शाळेच्या खो-खो संघात होतो. ती शहरातल्या महाल भागातली, वडील सरकारी कचेरीत कारकून. मी इंदोरा वस्तीतून सायकलने यायचे. सिंधू इतकी काटकुळी की ती पळतीला उतरली की समोरच्या पोरी आधी हसायच्या. मग खांबाजवळ ती अशी हुलकावणी द्यायची की त्याच पोरी मातीत लोळण घ्यायच्या, आणि ही पलीकडे कमरेवर हात ठेवून उभी. राज्याच्या स्पर्धेत खेळायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. पण पहाटेच्या सरावाला ह्या आमच्या बाईसाहेब यायच्या अर्धा कप चहावर. सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय घरात कुणी काही बोललेलं असेल तर तो उपास वेगळाच. पुरुषांची पानं आधी, मग लहान पोरं, मग आई आणि ती. तोवर वरण उरलं तर उरलं. आमच्याकडे काही श्रीमंती नव्हती, पण माझी आई डब्यात भाकरी आणि जवसाची चटणी अगदी कोंबून भरायची. आमच्या हातचं खायची सिंधूला घरून बंदी. ती मैदानामागच्या भिंतीआड बसून खायची आणि तोंड पुसून घरी जायची.

त्या हिवाळ्यात आम्ही जिल्ह्यात जिंकलो, सराव सकाळ-संध्याकाळ सुरू झाला आणि सिंधूची पाळी थांबली. माझीही थांबली. आमच्या बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातलं बाहेर बसणं कायमचं बंद केलं होतं. त्यामुळे माझं काय आलं, काय गेलं, हे माझं मला ठाऊक. सिंधूच्या घरी मात्र ते चार दिवस वऱ्हांड्यात, वेगळ्या चटईवर, वेगळ्या ताटात निघायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला कुणाची पोर कधी बसली ते पाठ असायचं, आणि कधी बसली नाही तेही. तिसरा महिना लागला तशी नळावर कुजबुज सुरू झाली. पोरगी दिवसभर मैदानावर असते, तिथे काय चालतं कुणाला माहीत... मग तिच्या आईने काय करावं? काही आलेलं नसताना पोरीला चार दिवस वऱ्हांड्यात बसवलं. सिंधूला आधी गंमत वाटली. नुसती लोळून राहिली वं, म्हणाली मला. पण समोरच्या बाईने दोरीवर फडकी वाळताना पाहिली नाहीत, आणि नुसता संशय होता त्याची खात्री झाली.

शेवटी आई तिला धंतोलीतल्या एका लेडी डॉक्टरकडे घेऊन गेली. मी सोबत नसेन तर जाणार नाही, असं सिंधू म्हणाली, म्हणून मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि आईला स्पष्ट सांगितलं, तुम्ही घाबरताय तसलं काही नाही. पोरगी धावते घोड्यासारखी आणि खाते चिमणीसारखी. शरीराला पुरत नाही, म्हणून ते पाळी थांबवतं. वाढीच्या वयात हे फार दिवस चालू राहणं चांगलं नाही. दोन्ही वेळा पोटभर द्या. दूध, शेंगदाणे, हरभरे, डाळ. उपास बंद. आठवड्यात एक दिवस सराव नको. थोड्या महिन्यांत येईल आपसूक. खेळ सोडायला त्या म्हणाल्या नव्हत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन. जिन्यात मी धीर करून सिंधूच्या आईला म्हटलं, काकू, माझीही थांबली आहे, ती काही एकटी नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यात चालते बाई," त्या म्हणाल्या. "आमच्यात गल्ली मोजते." त्या काही वाईट बाई नव्हत्या. खाली उतरेपर्यंत त्यांनी सिंधूचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सिंधूचं मैदान बंद झालं. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातलं तेवढंच घरच्यांनी ऐकलं, तेही त्यांनी न सांगितलेलं. खाण्याचं म्हणाल, तर आता पळतच नाही तर जास्तीचं लागतं कशाला? आणि पाळी परत यावी म्हणून तिच्याकडून सोळा सोमवार धरवले. उपाशी राहून जे थांबलं ते यावं म्हणून पुन्हा उपाशी राहायचं! इतकी वर्षं झाली, हे आठवलं की माझं डोकं फिरतं. राज्याच्या स्पर्धेला आम्ही तिच्याशिवाय गेलो आणि पहिल्याच सामन्यात हरून आलो. उन्हाळ्यात सराव थांबला, मामाकडे आंबे-भाकरी हाणली आणि माझी पाळी मुकाट परत आली. तिला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं वं पमे. तुयी तरी आली."

पुढे बोभाटा वाढायच्या आत तिचं लग्न लावून दिलं. संत्र्याचा बगीचा, विहिरीवर मोटर, माणसं भली. पण मोजणं तिथेही होतंच. पाळी दोन-तीन महिन्यांनी यायची, मूल होईना, म्हणून सोमवाराला गुरुवार जोडले, गुरुवाराला शुक्रवार. एकदा दिवाळीला माहेरी आली तेव्हा मी तिला हट्टाने माझ्या शाळेच्या मैदानावर नेलं. खेळ जरा, म्हटलं. ती कडेला फतकल मारून बसली. "मले धाप लागते आता," म्हणाली. त्या दिवशी मी तिच्यावर चिडले होते, आईवर, गल्लीवर, देवावरही. चिडून कुणाच्या अंगात रक्त भरत नाही.

गेल्या आठवड्यात मी तिच्या सासरी जाऊन आले. सासूबाई रडल्या, मीही रडले. मग तिच्या मोठ्या जावेची मुलगी छाया ताट घेऊन आली. आठवीत आहे, शाळेत धावण्यात पहिली येते. तीही तशीच काटकुळी. मी म्हटलं, तूही बस माझ्यासोबत. ती म्हणाली, "माह्या सोमवार आहे आज. काकूचे सोमवार अर्धेच राहिले, ते मी पुरे करून राहिली."

मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते शब्दन् शब्द सांगितलं. तुझी काकू उपासांनी गेली, असंही सांगितलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "असं नका बोलू मॅडम. पोरगी श्रद्धेनं करून राहिली." छायाने मान खाली घातली होती, पण ऐकणारी ती नव्हती, हे मला दिसत होतं. मी ताट पुढे सरकवलं. तशी तीच म्हणाली, "जेवा ना मावशी. काकू मले पुरं जेवल्याशिवाय शाळेत नाही जाऊ देत होती. ताट संपेपर्यंत अशी समोर उभी राहे."

आणि ती तशी उभी राहिली... भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून, सकाळपासूनच्या रिकाम्या पोटाने. मी ताट संपवलं, तेव्हाच ती तिथून हलली.