नाइटपाळीचा नवरा

"नाइटला आहेत." ओढणीला हात पुसत ती एवढंच म्हणायची. सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या चाळीत कोणीही नवऱ्याबद्दल विचारलं की हेच उत्तर. दिवसा विचारलं तर, "झोपलेत."

नवरा नव्हताच. फारकत घेऊन, टेम्पोत सामान भरून ती पांडेसऱ्याहून आली होती. पण आमची घरमालकीण मावशी एकट्या बाईला खोली देत नसे. म्हणून हिने कपाट, शिलाई मशीन, गादी यांच्याबरोबर एक नवराही आणला, तोंडी.

मी शेजारची. आमच्यातली भिंत इतकी पातळ, की पलीकडे कोणी कूस बदलली तर माझ्या डब्यातले तांदूळ हलायचे. मला किती दिवस फसवणार?

"अक्का, कोणाला सांगू नका."

"सांगते कशाला? वाढवते."

आणि वाढवला. माणूस सहा फूट, दारातून वाकून आत येतो, मिलमध्ये साड्यांचा अख्खा गठ्ठा एका खांद्यावर नेतो. पुढे पुढे तर समोरचे काका सांगू लागले, "काल नाक्यावर भेटला. फार सज्जन."

तिला मात्र हसू येत नसे. दिवसभर साड्यांना लेस लावायची आणि संध्याकाळी, दोरीवर दिसावा म्हणून, एक जुना पुरुषी शर्ट धुवायची. "त्याला सोडून आले ना अक्का," ती म्हणाली, "तरी धुणं सुटलं नाही."

दिवाळीत मिल बंद झाल्या. चाळीतले सगळे नवरे घरोघरी लोळू लागले. मावशी आमच्या खानदेशातलीच. ती दारात येऊन उभी राहिली.

"तुना धनी कोठे शे वं?"

"नाइटला."

"बंद मिलमध्ये?"

मी धावले. "मावशी, तो बॉयलरवाला. बॉयलर विझला तर अर्धी सुरत गारठून मरेल."

मावशी विरघळली. "बिचारा. मला भाऊ नाही. भाऊबीजेला जेवायला पाठव त्याला, मी ओवाळते."

माझ्याकडे पुढची थाप तयार होती. तुम्हाला सांगते, अव्वल थाप होती. पण ही उंबऱ्यावरच बसली.

"मावशी, नवरा नाही. फारकत झालीय. खोलीसाठी खोटं बोलले. आता दमले."

मावशी जायला वळली. मग म्हणाली, "फराळ घेऊन जा. महिना संपला की खोली सोड."

नव्या खोल्या बघायला मी बरोबर गेले, तोंड न उघडण्याच्या अटीवर. एवढं जड काम मी जन्मात केलं नव्हतं. प्रत्येक दारात तेच.

"घरात कोण कोण?"

"मी."

"आणखी?"

"मीच."

माणसं नाही म्हणत गेली. ती पुढच्या दारात तेच सांगत गेली. शेवटी लिंबायतकडच्या एका म्हाताऱ्याने किल्ली काढून दिली.

टेम्पो रिकामा झाल्यावर मी खाली चहा आणायला गेले. परत आले तर सामान बांधलेलंच, दार सताड उघडं, आणि गादीची दोरीही न सोडता तिच्या वळकटीवर डोकं टेकून ती भर दुपारी गाढ झोपलेली. मी चहा झाकून ठेवला आणि पावलं न वाजवता जिना उतरले.